पडदा उघडण्याआधीचा सत्कार

कुस्तीच्या मैदानात ऑपेरा दाखवणार, तोही थेट आणि फुकट, हे ऐकलं तेव्हा मला कुतूहल वाटलं ते ऑपेरापेक्षा तिथं येणाऱ्या माणसांचं. ऑपेराबद्दल मी बरंच वाचलं होतं. त्यातून एवढंच कळलं होतं, की त्यात माणसं मरतानाही गातात आणि गाणं संपेपर्यंत मरत नाहीत. आमच्याकडे ही सवलत फक्त वक्त्यांना आहे.

शेजारचे अण्णा आणि वैनी मात्र वेगळ्याच कामाला निघाले होते. युरोपातल्या ज्या नाट्यगृहातून हे प्रक्षेपण होणार होतं, त्याच्या वाद्यवृंदात त्यांची मुलगी व्हायोलिन वाजवते. तिला तिथं वाजवताना दोघांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. अण्णांच्या गुडघ्यांपायी तिकडं जाणं राहूनच गेलं. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओच्या तुकड्यांत ती अंगठ्याएवढी दिसायची. तिनं फोनवर बजावलं होतं, "पडदा उघडायच्या आधी नुसतं वाद्यसंगीत असतं, तेवढ्यातच आम्ही दिसतो. नंतर कॅमेरा रंगमंचावर जातो, आम्ही त्याच्यापुढच्या खड्ड्यातच राहतो. उशीर करू नका."

त्यामुळं वैनींनी आम्हाला बरंच आधी पायऱ्यांवर नेऊन बसवलं. तिकडची दुपार म्हणजे आमची संध्याकाळ. मधे लाल मातीचा हौद, त्याच्या पलीकडं प्रक्षेपणाचा भला मोठा पडदा आणि पडद्याच्या बरोब्बर समोर व्यासपीठ. व्यासपीठावरच्या खुर्च्या पाहून मला शंका आली. भोवतीचे लोक भडंगाच्या पुड्या सोडून निवांत बसले होते.

"पयली जोड कुणाची?" मागून एकानं विचारलं.

"आरं, गाणं हाय, गाणं."

"व्हय की, पण कुणाकुणाचं?"

संयोजकांनी सत्कार नेमके प्रक्षेपणाच्या वेळेला ठेवले होते. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे पत्रिकेत छापलेली वेळ ही सत्कार सुरू होण्याची वेळ असते आणि तोवर मूळ कार्यक्रम थांबतो. गायक थांबतात, पैलवान थांबतात. युरोपही थांबेल, असं ते धरून चालले असावेत.

तिसऱ्या पाहुण्यांना फेटा बांधला जात असताना त्यांच्या मागं पडदा उजळला. आवाज नव्हता, कारण माईक निवेदकाकडं होता आणि तो 'कला, क्रीडा आणि सहकार क्षेत्रातील' इथवर आला होता. फेट्यांच्या तुऱ्यांमधून व्हायोलिनचे गज मुक्यानं खालीवर होताना दिसू लागले.

"अवो, सुरू झालं की!" वैनी ताडकन उभ्या राहिल्या. "ओ पावणं, खाली बसा की! माझी पोरगी दिसंना!"

"अगं, बस खाली. लोकं बघाय लागल्यात," अण्णा म्हणाले.

"बघू देत. मीबी बघायलाच आलोय."

त्या पायऱ्या उतरल्या, हौदाला वळसा घालून थेट व्यासपीठावर चढल्या आणि हातवारे करत निवेदकाला काहीतरी सांगू लागल्या. त्याचा चेहरा खुलला. कुठलीही अडचण सांगा, निवेदकाला तिच्यात सत्कार दिसतो.

"मंडळी, आपल्या गावची कन्या सातासमुद्रापार या वाद्यवृंदात वाजवतेय! तिच्या मातोश्रींचा सत्कार मी प्रमुख पाहुण्यांना करण्याची विनंती करतो. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. सत्कार घेणाऱ्यानं गर्दीकडं तोंड करायचं असतं, म्हणजेच पडद्याकडं पाठ. आता संपलंच, असं मला वाटलं. पोरगी वाजवतेय म्हणून आईचा सत्कार होणार आणि त्या सत्कारात पोरगीच बघायची राहणार.

"काकी, इकडं बघा, इकडं!" फोटोग्राफर ओरडत होता.

वैनी वळल्याच नाहीत. पडद्याकडं तोंड करून त्या ठाम उभ्या होत्या. मधे आलेल्या एका फेटेवाल्याला त्यांनी हातानं बाजूला सारलं. प्रमुख पाहुण्यांनी पुढून यायची वाट शोधून पाहिली आणि शेवटी शाल मागूनच खांद्यांवर टाकली. नारळ वैनींनी न बघता हात मागं करून घेतला. निवेदक बोलायचा थांबला. माणसांच्या पाठीशी बोलायची त्याला सवय नसावी. त्या फटीत ध्वनिवाल्यानं तिकडचा आवाज सोडला आणि सगळं मैदान व्हायोलिननं भरून गेलं. कॅमेरा एकेका रांगेवरून सरकत होता.

"ही! ही आमची!" वैनींनी पडद्याकडं बोट केलं. माईकशिवाय ते शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं. माझ्या शेजारी अण्णा गुडघ्यांवर हात रेटत उठून उभे राहिले होते. कॅमेरा पुढं सरकला आणि थोड्याच वेळात तिकडच्या रंगमंचाचा पडदा उघडला.

वैनी परत येऊन बसल्या.

"दिसली?" अण्णांनी विचारलं. त्यांनीही पाहिली होती.

"दिसली की. वाळलीया. आन् मान किती वाकडी धरती, दुखत असंल." त्यांनी नारळ मांडीवर घेतला, शाल सारखी केली. रंगमंचावर एक बाई गात गात रडत होती. "आता हिला काय झालंय ते बघू."