धातूचे गोल पत्रे, नग चौऱ्याऐंशी

गिरगावातल्या फणसवाडीत एका दुपारी मी टाकलेली धाड अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्या धाडीत रक्त सांडले नाही, कुणी पळाले नाही. खून आणि दरोडे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या हकिगती मीठमिरची लावून सांगायला मला आवडतात. ही एक मात्र घरातही कधी सांगितली नाही. संबंधितांपैकी बहुतेक माणसे आता हयात नसावीत, तरीही नाव कुणाचे देत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी नवा सब-इन्स्पेक्टर, गिरणगावातल्या एका ठाण्यावर नेमणूक. सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, दुपारी सभेचा, आणि मधल्या वेळात डायरी लिहायची. ज्यांच्यावर आम्ही लाठी उगारायचो ते आमच्यासारखेच मराठी बोलणारे होते, हे आम्हालाही कळत होते आणि त्यांनाही. लालबागच्या बाजारात भाजीवाली मला मेथी द्यायची, पण तोंड फिरवून द्यायची. आम्ही दिसेल ते काम उरकत होतो. फार विचार करायला कुणी सांगितले नव्हते आणि सवडही नव्हती.

अशात एके दिवशी आमचा एक खबरी आला. काळाचौकीला त्याचे सायकलीचे दुकान होते.

"सायब, आमच्या नाक्यावरच्या हाटेलात एक रेकॉर्ड लावतात. वर लिवलंय दत्ताचं भजन. भजन नाय ते."

"मग काय आहे?"

"तुमीच चहा प्यायला या ना. माझ्या तोंडून कशाला वदवता?"

साध्या कपड्यांत गेलो. हॉटेलवाल्याने रेकॉर्ड लावली. सुरुवातीला टाळ वाजले, दत्ताच्या नावाचा गजर झाला, आणि मग टाळ थांबून डफावर थाप पडली. गोळीबारात पडलेल्या माणसांचा तो पोवाडा होता. सरकारने त्यावर बंदी घातलेली होती, छापील प्रती आम्ही आधीच जप्त केल्या होत्या. कागदावर तो मी वाचला होता आणि मला काही वाटले नव्हते. पण त्या आवाजात ऐकताना माझ्या हातातला कप तसाच राहिला. हॉटेलात चाळीसेक माणसे असतील, कुणी बशीसुद्धा वाजवत नव्हते. गाणे संपेपर्यंत मी उठलो नाही. उठायला हवे होते, पण उठलो नाही.

मग ओळख दिली आणि त्या रेकॉर्डच्या दोन प्रती ताब्यात घेतल्या. हॉटेलवाला शेवटपर्यंत लेबलावर बोट ठेवून "भजनच आहे, साहेब" एवढेच म्हणत राहिला.

रेकॉर्ड कुणी काढली याचा पत्ता लागेना. मोठ्या कंपनीकडे चौकशी केली, त्यांनी हात झटकले. लेबलावरचे नाव खोटे, पत्ता खोटा. सुगावा लागला तो माझ्या वेंधळेपणामुळे. वरिष्ठांना दाखवायला निघालो आणि ठाण्याच्या जिन्यात दोनपैकी एक तबकडी हातून निसटून फुटली. पुराव्याचे तुकडे गोळा करताना कपाळाला हात लावला. आमचे हवालदार मदतीला वाकले. त्यांना ग्रामोफोनचा भारी षोक, पगारातले किती त्यात जायचे ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक. तुकड्याची कड त्यांनी उजेडात धरली.

"सायेब, कंपनीची तबकडी फुटली की आतनं काळी कुळकुळीत दिसती. ही बगा, करडी. आन् मधी लाल कण. कागुद हाय ह्यो. जुन्या फुटक्या तबकड्या लेबलासकट दळल्यात."

"असं कोण करतं?"

हवालदार जरा घुटमळले. मग म्हणाले, "एकच हाय. फणसवाडीत. चार फुटक्या घिऊन जा, एक नवी घिऊन या. म्या सोता आणल्यात."

ही त्या छोट्या कंपनीची रीत होती. गिरणगावातल्या बायका फुटक्या तबकड्यांचे तुकडे पिशवीत भरून तिथे नेत आणि बदल्यात ओव्यांची नाहीतर भजनाची रेकॉर्ड घेऊन येत. तबकडीची लाख महाग, म्हणून मालकाने काढलेली ही युक्ती. त्या युक्तीनेच त्याला पकडून दिले.

मालक राजापूरकडचा. मोठ्या कंपनीच्या कारखान्यात कारागीर होता, मेणावर आवाज कोरण्यापासून तांब्याचा साचा काढण्यापर्यंत सगळे शिकला आणि नोकरी सोडून बाहेर पडला. का सोडली, तर तिथल्या साहेबाने एका गिरणीकामगार भजनी बुवाला "याला कोण ऐकणार" म्हणून परत पाठवले. फणसवाडीतल्या दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि ज्यांना कुणी विचारत नव्हते त्यांना बोलावले. बदली कामगार, जात्यावर गाणाऱ्या बाया, दशावतारातले नट, परळच्या चाळींतले जलशाचे शाहीर. वडाळ्याला मिठागराच्या कडेला एका शेडमध्ये हाताने दाबायचे यंत्र होते, तिथे तबकड्या निघत. सहा-सात वर्षांत लालबाग-परळच्या चाळीचाळींतून त्यांचा माल वाजू लागला. लोक आपल्या शेजाऱ्याचा आवाज पेटीतून ऐकत आणि हरखून जात. हे सगळे मला पुढे जबाबातून कळले.

धाडीच्या दुपारी मालकाने आम्हाला बसायला सतरंजी घातली. लपवालपवी काही केली नाही. भिंतीवरच्या फळ्यांवर साचे ओळीने उभे होते, प्रत्येक साचा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि त्या कापडावर शिसपेन्सिलीने गाणाऱ्याचे नाव.

"तुमच्या त्या गाण्याचा साचा हा," त्याने स्वतःच काढून दिला. "हा न्या. माझ्यावर काय खटला घालायचा तो घाला. बाकीचे ठेवा, साहेब. त्यात भजनं आहेत, ओव्या आहेत. ह्यातली निम्मी माणसं आता नाहीत."

"लेबल एक आणि गाणं दुसरं, हे तुम्हीच शिकवलंत," मी म्हणालो. "भजन म्हणता त्यात काय आहे ते मला कसं कळणार? सगळे जप्त."

पंचनामा सांगायला बसलो. आमच्या खात्याची एक रीत आहे. सोन्याला सोने लिहायचे नाही, 'पिवळ्या धातूची बांगडी' लिहायचे. उद्या पितळ निघाली तर पोलीस गोत्यात नको. डोळ्याला दिसते तेवढेच लिहायचे, हे मला पक्के शिकवलेले. मी सांगितले, "धातूचे गोल पत्रे, नग चौऱ्याऐंशी." कापडे गुन्ह्याच्या कामाची नव्हती. ती शिपायांनी सोडून तिथेच टाकली. नावे त्या कापडांवर होती.

मालक पहिल्यांदा अस्वस्थ झाला. "पत्रे नव्हेत हो, साचे. गाण्यांचे मूळ साचे, असं लिहा. माणसांचे आवाज आहेत त्यांच्यात."

"आवाज दिसतो का?" मी विचारले. पंच हसले. मीही हसलो. वय पंचवीस, अंगावर नवी वर्दी, वर चारचौघांत विनोद साधलेला. दुरुस्ती केली नाही.

गाणारा कोण, हे मात्र मालक सांगेना. तीन दिवस ताकास तूर लागू दिली नाही. मी मारहाणीचा माणूस नव्हतो. समोर बसवून चहा पाजायचो आणि तेच तेच विचारायचो.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "लिहा, माझाच आवाज."

"मग म्हणून दाखवा."

मालकाने घसा खाकरला आणि सुरू केले. इतका बेसूर माणूस मी जन्मात ऐकला नाही. लॉकअपमधला एक पाकीटमार कानांवर हात ठेवून "सायब, मी कबूल करतो, पण ह्याला थांबवा" म्हणून ओरडला. सगळे ठाणे हसले. मालकही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच दिवशी संध्याकाळी एक माणूस आपणहून ठाण्यात आला. तिशीचा, पांढरा धुतलेला सदरा, सदऱ्यात अंग जेमतेम उरलेले. परळच्या चाळीत राहणारा, गिरणीतला कामगार, नुकतीच कुटुंबासह दीक्षा घेऊन बौद्ध झालेला.

"जय भीम. तो आवाज माझा आहे," तो म्हणाला. "मालकांना सोडा."

मी म्हटले, "आवाज माझा म्हणणारे इथे रोज येतात. म्हणून दाखवा."

त्याने एकच ओळ म्हटली, तीही अर्धी. पुढे खोकल्याने त्याला बोलू दिले नाही. क्षय होता. पण त्या अर्ध्या ओळीत हॉटेलातला आवाज मला लख्ख ओळखू आला. हवालदारांनी त्याला बाकावर बसवून पाणी दिले.

मालक त्याच्यावर चिडला. "कशाला आलास रे? तुला सांगितलेलं ना, घरात पडून राहा म्हणून?"

"तुम्ही माझ्यासाठी आत बसायचं, आणि मी घरात पडून राहायचं?" शाहीर म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, शिक्षा द्या. एकच सांगणं आहे. त्या साच्यांत माझी दीक्षेची सहा गाणी आहेत. त्यांच्या तबकड्या अजून निघालेल्या नाहीत. आता गळा गेला, परत म्हणता यायचं नाही. घरी बायको गरोदर आहे. पोराला बाप ऐकायला मिळेल तर तेवढ्यातूनच. ते साचे सांभाळा."

"मुद्देमाल आमच्याकडे नीटच असतो," मी म्हणालो.

दोघांवर खटला भरला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. शाहीर जामिनावर सुटला आणि पहिल्या तारखेच्या आधीच वारला. मालक तारखांना येत राहिला. साचे नाहीत म्हणून जुनी गाणी काढता येईनात, आणि पोलिसांच्या धास्तीने नवे कुणी गायला येईना. हॉटेलांनी त्याचा माल ठेवणे बंद केले. वडाळ्याची शेड गेली, पाठोपाठ फणसवाडीतली एक खोली गेली. उरलेल्या खोलीत तो लोकांचे ग्रामोफोन दुरुस्त करी, असे हवालदारांनी मला सांगितले. जप्त साच्यांत एखादा हवालदारांच्या ओळखीच्या आवाजाचा होता की काय कुणास ठाऊक, ते माझ्याशी त्या काळात कामापुरतेच बोलत.

मग महाराष्ट्र राज्य झाले. चळवळीतले खटले मागे घेतले गेले, त्यांत हाही गेला. तोवर माझी बदली दादरला झाली होती. एका सकाळी मालक तिथे आला, हातात मुद्देमाल परत देण्याचा कोर्टाचा हुकूम. बरोबर शाहिराची विधवा पत्नी आणि तीनेक वर्षांची मुलगी.

"जुन्या ठाण्यात आम्हाला ताटकळत ठेवतील, साहेब," मालक म्हणाला. "तुम्ही जप्त केलेत, तुम्ही बरोबर असलात तर बरं."

मी गेलो. मनातून मला बरेच वाटत होते. निदान हे तरी नीट होईल. मुद्देमालाच्या कारकुनाने रजिस्टर काढले आणि नोंदीवर बोट ठेवले.

"हे निकालात निघालं, साहेब. मागल्या पावसाळ्यात खोली गळली, तेव्हा भंगाराचा लिलाव केला. रीतसर मंजुरी आहे."

"भंगार?"

"धातूचे गोल पत्रेच होते ना? आपलेच शब्द आहेत." त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवले. "तांब्याला भाव होता. वितळवायला गेले असतील."

मी लिलाव घेणाऱ्याचे नाव काढले, त्याच दिवशी त्याच्या भट्टीवर गेलो. काही उरले नव्हते. बंदीच्या गाण्याच्या जप्त तबकड्याही नष्ट केलेल्या, आणि बाहेरच्या प्रती लोकांनी धाडीच्या भीतीने कधीच फोडून टाकल्या होत्या. परत आलो तेव्हा तिघे ठाण्याबाहेरच्या कट्ट्यावर बसलेली होती.

 मालकाने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्याने हुकुमाच्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाईंना म्हणाला, "चला, वहिनी."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही त्यांचं गाणं ऐकलेलं ना, हाटेलात?"

"हो."

"मग हिला सांगा की, कसं गायचे. मी सांगते, पण हिला वाटतं आई उगीच सांगते. तुम्ही पोलीस. तुमचं खरं वाटेल."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मोठा आवाज होता. छान होता."  कोर्टात मी तासतास साक्ष देत असे, वकिलांना पुरून उरत असे. आणि इथे मला दोन वाक्यांपुढे जाता आले नाही. मुलगी आणखी थोडा वेळ थांबली, मग आईच्या पदराशी खेळू लागली. ती माणसे निघून गेली. फणसवाडीतली ती उरलेली खोलीही वर्षभरात बंद झाली.

पुढे प्रत्येक पंचनाम्यात, ज्याची वस्तू त्याला मी विचारत असे, 'हे काय आहे तुमचं?' तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहून घेत असे. वरिष्ठ रागावत, पाल्हाळ नको म्हणत. मी लिहीत असे. लोक हे माझ्या कर्तव्यदक्षतेचे उदाहरण म्हणून सांगतात. त्यात माझे कौतुक काही नाही.

त्या प्रकरणात मी नियमाबाहेर काहीच केले नव्हते, आणि चौकशी झाली असती तर माझ्यावर ठपकाही आला नसता. पण मालकाने काय लिहा ते सांगितले होते, आणि मी हसलो होतो. कट्ट्यावर त्या मुलीसमोर खरे सांगायचे होते ते हे, की तुझ्या बापाचा आवाज हरवला तो माझ्यामुळे. ते मी तिला सांगितले नाही. आज ती साठीच्या पुढे असेल. कुठे असेल, ठाऊक नाही.