कार्डावरचा गवंडी

रत्नागिरीत कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मी लेफ्ट बॅक होतो, शेवटच्या वर्षी कॅप्टनही. दुबईला यायचं ठरलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "गवंड्याचाच व्हिसा शिल्लक आहे. यल्ला, चल, सही कर. नंतर बदलू." आमच्यात घरटी असा एखादा कागदावरचा सुतार नाहीतर न्हावी सापडेलच. मी सही केली. ते 'नंतर' कधी उजाडलं नाही. आयुष्यात एक वीट रचलेली नाही, पण इथल्या कामगार-कार्डावर मी आजही गवंडी.

एरवी अल क्वोजच्या गोदामात माल मोजतो आणि शनिवारी सकाळी मुलींना फुटबॉल शिकवतो. आधी रेतीवर शिकवायचो, मग एका अकॅडमीने मैदान दिलं. त्यांना माझं शिकवणं हवं होतं, नाव नको होतं. कागदोपत्री कोच दुसराच, परदेशातून आणलेला. कुठली मुलगी कुठे खेळवायची, हे तो मलाच विचारायचा.

मला धास्ती तपासणीची; कार्डाबाहेरचं काम करताना सापडलो तर थेट मायदेशी रवानगी. लेक संघात आली तेव्हा तिला बजावलं, "मैदानावर मला कोच म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर सांग, अब्बा सोडायला आलेत."

"ओके अब्बा," ती म्हणाली. तेव्हा नऊ वर्षांची होती.

यंदा आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. संघाच्या बाकावर बसायला कार्डावर 'कोच' लिहिलेलं लागतं, म्हणून मी पालकांत बसलो. आम्ही एका गोलने पुढे होतो, तोच शेवटच्या मिनिटाला समोरची मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली. माझी लेक चेंडूकडे बघतच नव्हती, तिच्या कमरेकडे बघत होती. पाय फसवतात, कंबर फसवत नाही, हे मीच घोकून घेतलेलं. तिने चेंडू अलगद काढून घेतला आणि आम्ही जिंकलो.

शेजारचे रायगडचे गृहस्थ म्हणाले, "काय कोच आणलाय हो! मानलं." मी टाळ्या वाजवल्या. अंगाची नुसती आग होत होती. इतक्या वर्षांत एकदा तरी कुणी चारचौघांत मला कोच म्हणावं, एवढंच हवं होतं मला.

माईक कॅप्टनकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे गेला.

"थँक यू, कोच," ती त्या परदेशी माणसाकडे बघून म्हणाली. "अँड थँक यू अब्बा, फॉर ड्रॉपिंग मी."

लोक कौतुकाने हसले.

गाडीत मी फटकन विचारलं, "एवढंच?"

ती गोंधळली. "बट अब्बा, यू टोल्ड मी." मग हळूच म्हणाली, "आय नेव्हर टोल्ड एनीवन. नॉट वन्स."

ती शाबासकीची वाट बघत होती. मी म्हणालो, "शाब्बास."