सुईसकट खाली जायचं नाही

दवाखान्यात दोन दिवस राहिलं तर नुसते रिपोर्ट जमतात; चार आठवडे राहिलं की किस्से जमतात. आणि ऐकवायला जवळ कोणी नसलं, की ते वहीत जातात.

माझा आजार चारचौघांत सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो. मी इंजेक्शनची नशा करायचो. मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, त्यात इन्फेक्शन. दिल्लीतल्या सरकारी वॉर्डात दिवसातून तीनदा शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

"कोर्स सहा आठवडे. मधेच पळालात तर इन्फेक्शन फुप्फुसात जाईल," डॉक्टरांनी बजावलं. "शेवटचे दोन आठवडे घरी गोळ्या चालतील, पण घरचं कोणी न्यायला आलं तरच."

घरचं म्हणजे एक मुलगी, नोएडाला. तीन वर्षं माझा फोन उचलत नाही.

*

पहिल्याच दिवशी रेखा सिस्टरला शीर सापडेना. चार ठिकाणी टोचून झालं. शेवटी मीच म्हटलं, "सिस्टर, बाएँ अंगूठे के ऊपर देखिए. वहाँ मैंने कभी नहीं लगाया."

"अच्छा! हमारे लिए बचा के रखी थी?"

*

राउंडला मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "नशा कब छोड़ी?"

"जिस दिन पैर सूजा."

ते शिकाऊ डॉक्टरांकडे वळले. "लिखो, पैर ने छुड़वाई!"

*

हाताला सुई कायम लावलेली, म्हणून आमच्यासारख्यांना चहाला खाली जायची बंदी. तिच्यातून भलतंच काही घेऊ, ही भीती. बाथरूमला गेलो तरी दाराबाहेर गार्ड. "अंकल, हो गया?"

खूप वर्षांनी कोणीतरी माझी वाट बघत उभं होतं! मी जरा उशीरच लावला.

*

शेजारच्या पलंगावरच्या हरयाणवी ताऊंना भेटायला एकदा आठ माणसं आली. बसायला जागा नाही, म्हणून निम्मी माझ्या पलंगावर. निघताना त्यांची सून मलाही नमस्ते करून गेली.

वहीत लिहिलं: आज भेटायला आठ जण.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी रेखा सिस्टरने स्वतःच्या मोबाइलवरून मुलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"मी बाबा. ठेवू नकोस. दवाखान्यात आहे. रक्ताची गुठळी झालीय."

"गुठळी यानी?" पोर दिल्लीत वाढलेली.

"पिठल्यात होते ना, तशी."

मला वाटलं, ठेवला.

"आई चमच्याने फोडायची, वो वाली?"

"हो."

"बाबा, गेट नंबर कौनसा?"