साहेबाच्या तेलाचा पिपा

आमच्या घरात कोणतीही वस्तू कधी खराब होत नसे, कारण ती खराब झाली हे कबूल करायला घरात कोणी तयार नसे. अमरावतीच्या त्या घरात एक वकील होते (माझे बाबा), एक वैद्य होते (माझे काका) आणि एक विज्ञानाचा शिक्षक होता (दुर्दैवाने मीच). कायदा, आयुर्वेद आणि रसायनशास्त्र रोज एका पंगतीला जेवायला बसत असल्यावर वस्तूची खराब व्हायची काय टाप! ताक आंबलं की काका त्याला पाचक म्हणत, छत्री फाटली की बाबा तिला 'अंशतः शाबूत' म्हणत, आणि मी दोघांच्याही मताला एखादं इंग्रजी नाव देऊन मान्यता देत असे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक गोरा साहेब गाशा गुंडाळून विलायतेला निघाला आणि त्याची मोटार बाबांनी घेतली. मोटारीबरोबर इंजिनात घालायच्या तेलाचा एक पिपा आला. बाबांनी मोटार अंगणात उभी केली आणि पिपा कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवला. मोटार दसऱ्याला झेंडूची माळ घालून कोर्टापर्यंत जायची आणि दमून परत यायची. तेवढ्यासाठी तेल कशाला बदलायचं? त्यामुळे पिपा वर्षानुवर्षं तसाच राहिला, निदान आम्हा तिघा विद्वानांची तशी समजूत होती.

मग माझं लग्न ठरायची वेळ आली. मुलगी अकोल्याची, जठारपेठेतली. वडील अण्णासाहेब, निवृत्त हेडमास्तर. मुलगी पाहायला गेलो तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रश्न मी विचारायचे होते, पण मी नुसताच पोह्यांकडे पाहत बसलो. शेवटी तिनेच विचारलं, "तुमच्या घरी मोटार हाय म्हणतात. खरी चालते का?"

"चालते तर! साक्षगंधाला मोटारीनंच येतो," मी म्हणालो. (साक्षगंध म्हणजे पुण्याकडचा साखरपुडा. आमच्याकडे त्यात साखर कमी आणि मानपान जास्त!) ती हसली. तिचं नाव शालिनी. ती हसली आणि मला ती मनापासून आवडली, इतकी की परतीच्या गाडीत मी काकांचा काढा न कुरकुरता प्यालो.

पण अण्णासाहेबांची एक अट होती. मुहूर्त दुपारी चारचा आणि त्यांच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले की दार बंद! अट नुसती सांगण्यापुरती नव्हती. शालिनीला आधी सांगून आलेलं एक चांगलं स्थळ थोडंसं उशिरा पोचलं, तर त्यांनी व्याही, विहीण आणि नवरदेव यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. म्हणजे चारच्या आत पोचलो तर शालिनी, नाहीतर जन्मभर काकांचा काढा!

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे गफूरचाचा मोटार बघायला आले. तिवसा रस्त्यावर त्यांच्या स्वतःच्या प्रवासी मोटारी चालत. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वकीलसाब, हे तेल हाय का डांबर? अकोल्याले जायचं त नवं टाका."

"नवं आहेच," बाबा म्हणाले. "कोठीत पिपा आहे. साहेबाच्या वेळचा."

"साहेबाच्या वेळचा? मंग रायू द्या. इतक्या पुरान्या तेलाचा काय भरोसा!"

झालं! बाबांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला म्हणजे उलटतपासणी सुरू.

"चाचा, हे तेल खराब झालेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?"

"नाही जी."

"कोणी तुम्हाला तसं सांगितलं?"

"नाही जी. अंदाजानं बोललो."

"अंदाजानं! उद्या एखाद्यानं अंदाजानं तुमच्यावर चोरीचा आळ घेतला तर?"

गफूरचाचांनी घाबरून चारी बाजूंना पाहिलं. "तेल बेकसूर हाय, वकीलसाब. माझीच चूक झाली," असं म्हणून ते घरी गेले.

पिपा अंगणात आणला. झाकण हाताने सहज निघालं. (इतकी वर्षं न उघडलेलं झाकण सहज कसं निघालं, ही शंका तिघांपैकी एकाही विद्वानाला आली नाही!) काकांनी बोट बुडवलं आणि चाटलं.

"तूप जितकं जुनं तितकं गुणी," ते डोळे मिटून म्हणाले. "जुनं तूप मी डोक्याच्या विकारावर देतो. तेलालाही तोच न्याय. हे स्निग्ध आहे, उष्ण आहे, आणि खरं सांगू का दादा, भाकरीबरोबर छान लागेल!"

मोटारीचं तेल भाकरीबरोबर छान का लागावं, हा विचार मी करायला हवा होता. पण मी माझ्या शास्त्रीय प्रयोगात गढलो होतो. मी पेलाभर पाणी घेतलं, त्यात त्या तेलाचा थेंब सोडला. थेंब तरंगला. यावरून ते तेल आहे असं सिद्ध झालं! मग मी छोटंसं भाषणही दिलं. "हे खनिज तेल जमिनीच्या पोटात लाखो वर्षं पडून असतं. तिथं ते नासलं नाही, तर आपल्या कोठीत इतक्यात काय नासणार?" बाबांनी मान डोलावली. काकांनी दुसरं बोट चाटलं. मी इंजिनातलं सगळं डांबर काढून टाकलं आणि पिप्यातलं तेल ओतायला लागलो.

आई अंगणातून जाताना म्हणाली, "पिपा पुरा रिकामा करू नोको रे. तळाशी थोडं रायू दे."

आम्ही आज्ञाधारकपणे थोडं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेटा बांधून मोटारीचं चक्र हातात धरलं. बाजूला बाबा, मागे काका, आई आणि ओटीच्या सामानाची टोपली. बडनेऱ्यापर्यंत मोटार अशी पळाली की बाबा दर फर्लांगाला "बघा!" म्हणत होते. मूर्तिजापूरला मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. एका हॉटेलावरून आम्ही गेलो आणि आतली गिऱ्हाइकं उठून आमच्या मागे आली. एकाने तर ओरडून विचारलं, "भाऊ, भजे हायेत का?"

"काय सुरेख वास येतोय," काका मागून म्हणाले. "जवळपास लग्न दिसतं."

लग्न मोटारीच्या आतच चाललं होतं! बोरगावच्या पुढे वासाचा धूर झाला, धुराचा ढग झाला, इंजिनाने तीन-चार उचक्या दिल्या आणि मोटार भर उन्हात रस्त्याच्या मधोमध बसली. मी बॉनेट उघडलं. आत जिकडेतिकडे पिवळसर, चिकट डिंक! बोट लावलं तर बोट सुटेना, ओढलं तर तोंडापासून फेट्यापर्यंत शिंतोडे!

आई खाली उतरली, पदराने नाक पुसलं आणि निर्विकारपणे म्हणाली, "जवसाचं तेल लय तापलं की असंच चिकटते."

"जवसाचं?" तिन्ही शास्त्रं एकदम ओरडली.

"मंग? पिप्यात जवसाचंच हाय."

"अगं, तो साहेबाचा पिपा!" बाबा म्हणाले.

"साहेबाचं तेल केव्हाच सरलं. झोपाळ्याच्या कड्या, दारांच्या बिजागऱ्या, शिवायची मशीन, सगळ्याले तेच लावत होती मी. भरल्या घरात रिकामं भांडं ठेवू नये म्हून जसं सरलं तसं जवसाचं भरत गेली. बऱ्याच वर्षांपासून पुरं जवसच हाय ते."

मला एकदम आमचा झोपाळा आठवला, जो अलीकडे हलतच नसे. शिवायची मशीन आठवली, जिचं चाक फिरवायला दोन माणसं लागत. पुरावा घरभर पसरला होता!

"मग काल सांगितलं का नाहीस?" मी कळवळून विचारलं.

"तूच त तपासलं ना रे पेल्यात? मले वाटलं, शिकलेला पोरगा हाय, मोटारीले जवस चालत असंल."

यावर बाबांकडे कायदा नव्हता आणि माझ्याकडे विज्ञान नव्हतं. काकांनी तेवढं हळूच सांगितलं की जवस वातावर उत्तम असतं.

दुसरी मोटार येईना, बस केव्हाच गेली होती. शेवटी मागून कापसाच्या बैलगाड्या आल्या, अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनिंगकडे निघालेल्या. पहिल्या गाडीवाल्याने बैल थांबवले.

"काहून जी, मोटार बिमार हाय का?"

"अकोल्यापर्यंत ओढता का?" मी हात जोडले. "माझं साक्षगंध आहे हो!"

"ओढतो न! पण भोंगा वाजवू नोका. बैल बुजतात."

मोटार सगळ्यात मागच्या गाडीला बांधली. पुढे बैल, मधे कापूस, मागे आम्ही! वाऱ्याने कापूस उडायचा आणि डिंकाने बरबटलेल्या माझ्या अंगावर येऊन बसायचा. फेटा, मिशा, भुवया, सगळं पांढरं. मोटारीजवळून सायकलवाले पुढे गेले, पायी चालणारे पुढे गेले, एक म्हातारी शेळी घेऊन पुढे गेली. मी बाबांच्या घड्याळाकडे पाहत होतो. चार वाजले तेव्हा अकोला दिसतसुद्धा नव्हतं. मला रडू आलं, खरंच आलं. काकांना वाटलं डोळ्यात कापूस गेला, म्हणून ते फुंकर घालत बसले.

जठारपेठेत पोचलो तेव्हा घराघरातून दिवे लागले होते. फाटकात अण्णासाहेब उभे. मी उशिरा आलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिलो आणि छडीची वाट पाहू लागलो.

अण्णासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वळून दिवाणखान्यातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाराला दहा कमी. या. वेळेवर आलात."

आम्ही आभाळाकडे पाहिलं. आभाळात चांदणी होती!

"पण अण्णासाहेब," साक्षगंध लावायला बोलावलेले गुरुजी आतून चाचरत म्हणाले, "सूर्य मावळला न जी."

"या घरात वेळ घड्याळ सांगते, सूर्य नाही," अण्णासाहेब कडाडले. "किल्ली मी स्वतःच्या हातानं देतो. आजवर ते एकदाही चुकलेलं नाही!"

ते घर पाहून मला एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. बाबांनी तर पुढे होऊन अण्णासाहेबांचा हात धरला. गुरुजी दुपारपासून उपाशी होते, त्यांनीही पंचांग मिटलं. आणि चाराला दहा कमी असताना, कंदिलाच्या उजेडात, आमचं साक्षगंध वेळेवर झालं. शालिनीने माझ्या भुवईवरचा कापूस पाहिला आणि पुन्हा तशीच हसली.

ते घड्याळ थांबलं कसं, हे मी लग्नानंतर तिला विचारलं.

"मी लंबकाले बोट लावलं," ती म्हणाली. "तुमी मोटारीनं येतो म्हणाले, तव्हाच समजली मी की उशीर होते."

सासरी आल्यावर तिने पहिल्यांदा तो पिपा रस्त्यावर काढला, मग कोठी आपल्या ताब्यात घेतली. आता कोणतीही जुनी वस्तू सापडली की ती आधी माझ्याकडे आणते आणि विचारते, "अहो, हे चांगलं हाय का?" मी वास घेतो, उजेडात धरतो, पाण्यात थेंब सोडतो आणि "उत्तम आहे" असा निर्वाळा देतो. की लगेच ती डोळे मिटून ती वस्तू फेकून देते! इतक्या वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. म्हणूनच मी तिच्यासमोर स्वतःबद्दल कधी चांगलं बोलत नाही!