उलटा हात

मावशी पॅनलला तळहात लावत नसत. उलटा हात लावायच्या, तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. तोही खालून, पॅनलच्या पाठीला. "उन्हात सगळीच तापतात गं. पण एखादाच चौकोन जास्त तापला, तर समज, आत काहीतरी तुटलंय." लॅबमध्ये उष्णता दाखवणारा महागडा कॅमेरा होता. "कॅमेरा नंतर. आधी हात."

मानपाड्याकडे एमआयडीसीत ही लॅब आहे. कंपन्या आपली सोलर पॅनल्स तिथे पाठवतात, लॅब ती छळते, आणि टिकली तर सर्टिफिकेट देते. मावशी छळायच्या कामावर होत्या. राहायला आमच्याच सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. त्यांचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

एकदा मला आत घेऊन गेल्या. एका बंद खोलीत पॅनल्स पंच्याऐंशी अंशांच्या दमट उकाड्यात हजार तास कोंडलेली. "आपला मे महिनाच, फक्त उकळून घेतलेला." शेजारी फ्रीझरमध्ये बर्फाचे गोळे. ते हवेच्या बंदुकीतून काचेवर सोडायचे, गारांची परीक्षा म्हणून. तडा गेलेला गोळा त्या बाजूला टाकायच्या. "लोक बर्फाचा गोळा खातात, मी मारते. पण गारसुद्धा बिनखोट लागते हो आमच्याकडे."

मग काळोख्या खोलीत पॅनलमध्ये वीज सोडली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते मंद उजळलं, आणि आरशासारख्या काचेखाली झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या भेगा दिसल्या.

"भयानक आहे हे," मी म्हटलं.

"भयानक काय त्यात? एक्सरे आहे."

आमच्या सोसायटीवर पॅनल्स आणा, हे पत्रक माझंच. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरात कैद. मी दारोदार फिरले, भांडले, सह्या घेतल्या. पॅनल्स बसली, बॅटऱ्या बसल्या. सेक्रेटरींनी सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं. मावशींच्याच लॅबचं.

दुसऱ्या वर्षी लिफ्ट पुन्हा अधेमधे थांबायला लागली. मी मावशींना गच्चीवर नेलं. एक हात गुडघ्यावर, दुसरा उलटा, अशा त्या एकेका पॅनलखाली वाकत गेल्या. सातव्यापाशी थांबल्या.

"ह्याला ताप आहे."

पुढे आणखी पाच जणांना होता.

"पण मावशी, तुमच्याच लॅबने पास केलीत ना?"

"नमुना पास झाला गं. माल नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तूरडाळ, जावई, नगरसेवक, कशालाही लावायच्या. कंपनी निवडून, पुसून नमुना पाठवते. लॅब समोर येईल तेच तपासते. गच्चीवर काय चढतं, ते कोणी बघत नाही.

"मग कोणी बोलत का नाही?"

"बोलतात की. जेवणाच्या सुट्टीत."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं ठाऊक असतं, आणि डबा धुऊन परत कामाला बसतात. मला राग आला. मी पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत: नमुना पास, माल नापास. काय ओळ सापडली, म्हणून मी खूश होते.

नाव छापलं नव्हतं. वाक्य छापलं होतं.

आणि ते वाक्य कोणाचं, हे लॅबच्या शिपायालाही माहीत होतं. ती कंपनी लॅबचं मोठं गिऱ्हाईक. चार दिवसांत मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

मी धावत गेले. "मावशी, आपण लढू."

"तू लढ. मला भाकऱ्या करायच्यात."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. परातीतलं पीठ मळत, वर न बघता एवढंच म्हणाल्या, "पत्रकबाई, एकदा विचारायचंस गं."

महिन्याभरात त्या बाळकुमला भावाकडे गेल्या. फोन उचलत नाहीत.

आमच्या तक्रारीवर फेरतपासणी मंजूर झाली. लॅब तीच. एकच पॅनल तपासणार, आणि ते निवडणार कंपनी. मी आरडाओरडा केला. सेक्रेटरी म्हणाले, "करारात तसंच आहे. आपणच सही केलीये."

पॅनल निवडायला कंपनीचा साहेब गच्चीवर आला, तो लॅबमधला एक माणूस सोबत घेऊन. मी त्याला ओळखत होते. मावशींच्या हाताखाली दहा वर्षं काढलेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. कॅमेराही काढला नाही. पहिल्या पॅनलखाली वाकला आणि पाठीला उलटा हात लावला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. सातव्यापाशी त्याने हात चटकन मागे घेतला आणि पुढे सरकला.

अकराव्याखाली तो हात बराच वेळ राहिला.

"हे काढा, साहेब," तो म्हणाला. "ह्याला ताप नाही."