गुडघ्याची वाटी आणि रोवणी

प्लास्टर निघून धड आठवडाही झाला नव्हता आणि मी लुगडं खोचून चिखलात उतरले. पाय नीट वाकेपर्यंत भाताच्या बांधीचं, त्या चिखलाच्या वावराचं नाव घेऊ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या दिवशी आमची भाताची रोवणी संपणार होती. रोपांची शेवटची पेंढी लागली की आमच्या बाया एकमेकींना चिखल माखतात, घरच्या गडीमाणसांनाही सोडत नाहीत. मी नसले तर धाकट्या दिराला लोळवणार कोण, ही माझी काळजी. अक्कल तेव्हा नव्हतीच. रूप म्हणावं, तर तेही बेताचंच.

वाटी पहिल्यांदा सरकली ती आदल्या वर्षीच्या रोवणीत. उलट पावलांनी मागे येताना पाय रुतला, अंग वळलं आणि वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला गेली. तळव्याने दाबून मी ती बसवली. मग ती वारंवार सरकू लागली, तर मी शहाणी पोरींना भिववायला ती हलवून दाखवायची. उन्हाळ्यात नवऱ्याने वरठी स्टेशनावरून गाडीत बसवून नागपूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं समजावली. एकात वाटीची बाहेरची आवळलेली बाजू कापून सैल करायची आणि आतली शिवून घट्ट करायची. दुसऱ्यात वाटीखालचा पट्टा नडगीला जिथे धरलेला असतो, तो हाडाचा तुकडाच आत सरकवून स्क्रूने बसवायचा. माझ्या पायाला दुसरंच टिकेल, पण भरून यायला वेळ लागेल, असं त्यांचं म्हणणं. रोवणीच्या आधी कोणतं बरं होईल, एवढंच मी विचारलं. बाजारात बांगड्या निवडाव्यात तसं मी पहिलं निवडलं.

आणि आता दिराच्या मागे धावताना तेच पाऊल पुन्हा रुतलं. आतून जुनं कापड फाटल्यासारखा आवाज आला. मी ओरडले, तर बाया हसत राहिल्या. माझी सोंगं त्यांना ठाऊक होती. चिखल लावायलाही दोघी आल्या.

पुन्हा नागपूर. वाटीची मागची बाजू फुटून तिचे तुकडे झाले होते. आता ना शिवण्याजोगं काही उरलं होतं, ना सरकवण्याजोगं. वाटी काढून टाकायची, एवढाच इलाज. पाय चालेल, पण जोर राहणार नाही, चिखलातून तो उपसणं विसरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाटी काढली.

सासूची कंबर गेली होती. पुढच्या रोवण्या तिने माझ्या भरवशावर सोडल्या होत्या. घरी आले तेव्हा तिने माझा चपटा गुडघा चाचपला, हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "वाटी कुठी टाकली त्यायनं? मांगून आनाची होती. आपल्या बांधीत गाडली असती. तुह्यातलं तेवढं तरी रोवनीले गेलं असतं."