खांबाला व्याजदर विचारणारे मामा

कंपनीला कर्ज किती टक्क्यांनी पडेल हे ठरवायला सगळं जग ताळेबंद बघतं. माझ्या बायकोचे मामा खांब वाजवून बघायचे. सांगलीच्या एका बँकेत त्यांनी जन्मभर कारखाने तपासले. तारण काय, आधीचे हप्ते वेळेवर गेले का, नफा टिकणारा आहे का, डोक्यावर जुनं ओझं किती, हे ते कागदावर बघायचेच. पण निकाल शेडमध्ये, तोही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सगळी यंत्रं गप्प असताना. "चालू कारखाना कुनीबी दावतंय. बंद असला की त्यो खरं बोलतो," म्हणायचे. मग काठीनं तिसऱ्या खांबावर तीनदा टकटक, आणि कान लावून उभे. भर दुपारी बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. शिवाय अहवालावर सही होईपर्यंत मालकाचा चहा वर्ज्य. पाणीसुद्धा घरून आणलेलं.

आष्ट्याच्या एका पाइपवाल्याचे कागद अगदी चकाचक होते. मामा खांबापासून एकदम मागं सरले. "आत कोण रडतंय?" आत चिटपाखरूही नव्हतं. मालक पोट धरधरून हसला. मामांनी व्याजदर दोन टक्क्यांनी चढवायला लावला. दिवाळीच्या आतच फाटकाला कुलूप लागलं, आणि मग कळलं की कामगारांचे पगार कित्येक महिने थकले होते.

मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्या शेडमध्ये बोलावलं. आमची हळद पॉलिश करायची छोटी कंपनी. नव्या यंत्रासाठी कर्ज हवं होतं, आणि दर चढा लागला असता तर यंत्राची कमाई व्याजातच जाऊन कामावरच्या बारा बायकांना घरी बसवावं लागलं असतं. मामांनी खांब वाजवला. कान लावला.

"जावईबापू, उत्तर येईना. हितं तुमी सोडून कोनच न्हाई."

"आज सुट्टी आहे, मामा!"

"सुट्टीचं न्हाई म्हनत. किल्ली तुमची, सही तुमची, गिऱ्हाईक तुमच्या वळखीचं. उद्या तुमी नसला तर बँकेनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं? दर चढाच लागंल."

मी भडकलो. चहा पुढं केला तर जुन्या नेमानं म्हणाले, "अहवाल झाल्यावर पिऊ." आणि चालू लागले.

बँकेनं नेमका तोच मुद्दा काढून चढा दर कळवला. मग मात्र माझी खोड मोडली. यंत्र लांबणीवर टाकलं आणि बायकोला संचालक केलं. तिनं वर्षभरात खरेदीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळं हातात घेतलं, माझ्यापेक्षा लय बरं. बँकेनं पुन्हा बघितलं आणि दर उतरवला. बायका कामावर राहिल्या.

दर उतरवल्याचं बँकेचं पत्र आलं त्या दिवशी सुट्टी होती. बायको एकटीच शेडमध्ये होती. संध्याकाळी घरी येऊन हळूच म्हणाली, "दुपारी तिसऱ्या खांबावर तीनदा वाजलं. आसपास कोणी नव्हतं. मीही तीनदा वाजवलं." मी हसणार तेवढ्यात फोन आला. मामा दुपारीच गेले होते.

मला त्यांना पत्र दाखवायचं होतं हो. माझं चुकलं म्हणायचं होतं.

आता दर सुट्टीला बायको त्या खांबाशी एक कप चहा ठेवते. मी संध्याकाळी जाऊन बघतो. चहा आहे तेवढाच असतो, वर साय धरलेली. अहवालावर अजून सही झाली नसावी.